असांदे, लागात : वहीतल्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

पावसाची बेगमी भरण्याआधी माळा झाडायचा, हा मालवणजवळच्या वायरी गावातल्या आमच्या घराचा नेम. आज झाडला. खाली आलेला माल असा: टॉर्च चार. डास मारायच्या बॅटी तीन, त्यातली एक चालते. न उघडलेल्या ताडपत्र्या दोन. पुरणयंत्रं दोन (वर्षातून पुरण होतं दोनदा, म्हणजे प्रत्येकाला एकेक फेरी). झाकण नसलेले प्लास्टिकचे डबे अकरा, डबा नसलेली झाकणं सात. सफरचंद सोलायचं यंत्र एक. आमच्या घरात सफरचंद येतं ते कोणी आजारी पडलं तर.

आठवतील तशा किमती मांडल्या, बेरीज ९,३४० आली. आकडे तपासणं हेच माझं काम. पतसंस्थेत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जांवर मी 'हप्ता झेपेल का?' असं लिहिते, आणि हा माळा माझाच.

खटकलं ते वेगळंच. यातली एकही वस्तू मी हौसेने घेतलेली नाही. साड्या, दागिने, चैनीचं काहीच नाही. प्रत्येक वस्तू घेताना मी, नाहीतर ह्यांनी, एकच वाक्य म्हटलेलं आहे: 'असांदे, लागात.' असू दे, लागेल. आम्ही स्वतःला काटकसरी समजतो, आणि आमचे पैसे काटकसरीच्याच नावाने जातात.

म्हणून ही वही. आजपासून गणपती जाईपर्यंत यादीबाहेरची प्रत्येक खरेदी लिहायची. वस्तू, किंमत, आणि घेताना मनात काय आलं ते. पहिल्या आठवड्यात बंधन काही नाही, फक्त लिहायचं.

५ मे, सोमवार

मालवणचा बाजार. यादीत १४ वस्तू, घरी आल्या २३. जास्तीच्या नऊ वस्तूंचे १,१६५ रुपये.

त्यातले निम्म्याहून जास्त सुक्या मासळीत गेले. यादीत सुकी सुंगटं (कोलंबी) आणि गोलमो (जवळा) एवढंच होतं. खारे बांगडे आणि बोंबील नव्हते. विकणारीने वाटे लावून ठेवले होते. वाट्याचं गणित मला आजवर लक्षात आलं नव्हतं. किलोचा भाव असला की आपण अर्धा, पाव असं मागू शकतो. वाटा अर्धा मागता येत नाही. घ्यायचा तर अख्खा, नाहीतर पुढे चालायचं. भाव करून मी वळले तर तिने वरून मूठभर टाकली, 'ह्या वायच घे गो, वयनी.' ती मूठ पडली की वाटा आपला झाला. शेवटी ठेवणीतलं वाक्य: 'पुढच्या सोमवारी ह्या गावाचा नाय', म्हणजे मिळायचं नाही. पुढच्या सोमवारी ते तिथेच असणार हे मला ठाऊक, तिला ठाऊक, बाजूच्या कुत्र्यालाही ठाऊक.

मोबाइलवर 'फक्त २ शिल्लक' असं लाल अक्षरात येतं, ते काही कोणी नव्याने शोधलेलं नाही.

७ मे, बुधवार

रात्री थोडं वाचलं. हॉकिन्स स्टर्न नावाच्या माणसाने १९६२ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये अशा खरेदीचे चार प्रकार केलेत. पहिला शुद्ध लहर: सवयीबाहेरचं काहीतरी दिसलं आणि उचललं. दुसरा आठवणीचा: साबण दिसला, घरचा संपत आलाय हे आठवलं. तिसरा सुचण्याचा: वस्तू पहिल्यांदाच पाहिली आणि हिचा आपल्याला उपयोग होईल असं वाटलं. चौथा मजेचा आहे, ठरवून केलेली लहर. काय घ्यायचं ते ठरलेलं नसतं, पण काहीतरी स्वस्त मिळेल म्हणून माणूस निघालेला असतो. आमचा अख्खा आठवडी बाजार या चौथ्या खणात बसतो.

माझ्या नऊ वस्तू या खणांत टाकून पाहिल्या. आठवणीच्या दोन, त्या मी माफ केल्या. त्या लहरी नाहीत, माझी यादी अपुरी होती. यादी मी बसच्या रांगेत लिहिली होती. यादी स्वयंपाकघरात डबे उघडून लिहायला हवी. सुचण्याची एक: दोरीवर कपडे अडकवायचा गोल हँगर. उरलेल्या सहा सगळ्या 'असांदे'. त्यांना स्टर्नकडे नीटसा खण नाही. मालवणात चार महिने पाऊस कोसळतो हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

१२ मे, सोमवार

बाजाराला निघताना सासूबाई पडवीत सुपारी कातरत होत्या. वहीचं त्यांना माझ्या मुलाने सांगितलेलं. मी पायरी उतरले तर म्हणाल्या, 'एवढा लिवतंस कित्याक? घेवच्या आधी इचार, ठेवतलंस खंय.'

ठेवतलंस खंय. ठेवशील कुठे. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून वीस वर्षं ऐकतेय आणि आजवर मला तो टोमणा वाटत होता.

आज वहीत चौथा रकाना आखला: कुठे ठेवणार. अट अशी की जागेचं नाव घेता आलं पाहिजे. 'माळ्यावर' चालणार नाही. 'स्टोव्हच्या बाजूला, वरून दुसऱ्या फळीवर, हळदीच्या डब्याच्या जागी' असं. बाजारात उभं राहून हे मनात म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. उपयोग बहुधा त्या वळण्याचाच होतो.

यादी ११, घरी आल्या १५. जास्तीचे ४३०. प्लास्टिकचा एक मोठा टब हातातून खाली ठेवला. ठेवायला न्हाणीघर सोडून जागा नव्हती आणि न्हाणीघरात दोन आहेतच. विकणारा म्हणाला, 'वयनी, तीस कमी करतंय.' तिसाने जागा होत नाही.

१६ मे, शुक्रवार

कुडाळात कामाला गेले होते, येताना मोठ्या मार्टात शिरले. यादी १,८००ची, बिल २,६१२. म्हणजे ८१२ बाहेरचे, आणि तेही वहीत एवढं सगळं लिहून झाल्यावर.

चूक दारातच झाली, ट्रॉली घेतली. ट्रॉलीला वजन कळत नाही. हातातली टोपली भरली की दंड सांगतो. ही ट्रॉली १९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली, कारण बायका टोपली जड झाली की खरेदी थांबवतात हे त्याने पाहिलं होतं. गंमत म्हणजे सुरुवातीला कोणी ती ढकलेना. मग त्याने पगारी माणसं नेमली, गिऱ्हाईक असल्यासारखी दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरायला. इतक्या वर्षांनी कुडाळात ढकलायला मी फुकट मिळाले.

एक कामाचं हाती लागलं. पाकिटांवर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापलेली असते, युनिट सेल प्राइस. 'सेव्हर पॅक' लिहिलेल्या डिटर्जंटची आणि त्याच कंपनीच्या लहान पुड्याची किंमत ताडून पाहिली. मोठा पॅक ग्रॅमला महाग निघाला! सगळ्यांचं असं नसतं, तेलाचा मोठा डबा खरंच स्वस्त होता. पण चष्मा लावून वाचल्याशिवाय 'मोठं ते स्वस्त' यावर यापुढे विश्वास नाही.

ठरलं: मार्टात टोपली, तीही एकच.

१९ मे, सोमवार

यादीबाहेर शून्य. चहाला ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'बघूया.'

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस. वळीव म्हणावा तसा नाही, आषाढासारखा कोसळतोय. वीज काल संध्याकाळी गेली ती नाही. अंगणात वाळत घातलेली आमसुलं आत ओढली, निम्मी पाण्यात गेली. लाकडं भिजली.

अंधार पडल्यावर ह्यांनी माळ्यावरून चारही टॉर्च काढले. दोघांत सेलच नाहीत. तिसऱ्यात सेल फुटून हिरवट पाणी सुटलेलं. चौथा लागला, काजव्याएवढा, आणि विझला. 'लागात' म्हणून घेतलेल्या वस्तू खरोखर लागल्या तेव्हाची ही अवस्था. मुलाच्या मोबाइलच्या उजेडात जेवलो.

आज सकाळी बाजारात मी काय केलं ते प्रामाणिकपणे लिहिते. ताडपत्री (माळ्यावर दोन आहेत). मेणबत्त्या तीन पाकिटं. दहा किलो कांदे. सुके बोंबील, त्या सोमवारच्या दुपटीच्या आसपास भावाने. टॉर्च, पाचवा. २,८७०. यादी नव्हती, जागेचा रकाना नव्हता, सगळे घेत होते म्हणून मी घेतलं. माझ्या पुढे एक बाई मिठाच्या पिशव्या उचलत होती, मग मीही दोन उचलल्या. मिठाने घर भरलेलं आहे.

२६ मे, सोमवार

मान्सून २४ला केरळात आला आणि काल कोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी केरळातच १ जूनला येतो. दोन आठवडे बेगमीचे गेले ते गेले.

शांत डोक्याने २१ तारीख पुन्हा वाचली. बेगमी आणि 'असांदे' यांतला फरक मला बहुतेक इथे दिसतो. सासूबाई बेगमी भरतात तेव्हा त्या प्रत्येक डब्यावर बोटाने टकटक करतात, आवाजावरून किती उरलंय ते ओळखतात आणि तेवढंच सांगतात. त्यांची यादी घरातून निघते. माझी २१ची खरेदी बाजारातल्या दुसऱ्या बाईच्या पिशवीतून निघाली. दोन्हींचं कारण एकच, पाऊस. म्हणून ओळखता येत नाही.

मे महिन्याची बेरीज: १,१६५ + ४३० + ८१२ + २,८७० = ५,२७७.

८ जून, रविवार

१ तारखेपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. बाजार ओस. वाटलं होतं वही दोन महिने झोपेल. पण कुरिअरवाला पोरगा रेनकोट घालून वायरीत रोज येतो.

मुलाला इअरफोन हवे होते. त्याच्या शेजारी बसून पाहिलं. वरती उलटं चालणारं घड्याळ, 'ऑफर ०७:४२ मिनिटांत संपेल'. संपू दिलं. पान पुन्हा उघडलं तर घड्याळ पहिल्यापासून सुरू. शेवटच्या पानावर ४९ रुपयांचं 'प्रोटेक्शन' आपोआप टिक झालेलं. ते काढायला गेलो तर बटणावर लिहिलेलं: 'नको, मला माझ्या वस्तूची काळजी नाही'. पोरगा हसला. मला राग आला.

याला कायद्यात नावं आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात असे १३ प्रकार नाव घेऊन दिलेत: खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं वगैरे. तक्रारीला १९१५ हा नंबर. मुलाला यादी दाखवली, तर त्याला खेळच मिळाला. आता तो ॲप उघडून प्रकार मोजतो, घ्यायचं विसरतो.

घरचा नियम: फोनवरची वस्तू कार्टमध्ये टाकायची आणि तीन रात्री ठेवायची. साठवलेलं कार्ड सगळ्या ॲपमधून काढून टाकलं. आता दर वेळी पाकीट शोधून सोळा आकडे घालावे लागतात. पाकीट आतल्या खोलीत, आणि मी आळशी. हा आळस पहिल्यांदाच उपयोगी पडतोय.

इअरफोन चौथ्या दिवशी मागवले. त्याला खरंच हवे होते. माझा ७४९चा 'वॉटरप्रूफ सोफा कव्हर' तिसऱ्या रात्री मीच काढला. आमच्याकडे सोफा नाही, दिवाण आहे.

१९ जून, गुरुवार

ह्यांनी ग्रासकटर आणला. ११,५००. कोणाला न विचारता, मित्राबरोबर चहाला गेले आणि घेऊन आले. यापेक्षा शुद्ध लहर स्टर्नलाही दाखवता आली नसती. घरात दोन दिवस बोलणं बेताचं.

६ जुलै, रविवार, आषाढी

ग्रासकटरबद्दल पुरवणी नोंद, कारण वही खोटी ठेवायची नाही. गवत काढायला दरवर्षी दोन गडी चार-पाच दिवस लागायचे, आणि हल्ली ते मिळायचे नाहीत. या पंधरा दिवसांत ह्यांनी आमची आणि शेजारच्या काकीची बाग साफ केली. काल एकाने भाड्याने मागितला. खोपीत खुंटीवर टांगलेला असतो, पुसून. जागा आहे, वापर आहे. लहरीने घेतलेली प्रत्येक वस्तू वाया जाते असं माझी वही म्हणत नाही. मला हे लिहिताना त्रास होतोय.

१३ जुलै, रविवार

कपाट उघडलं. दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेली लेदरची पर्स, एकदाही न वापरलेली, पांढऱ्या बुरशीने मखमली झालीय. तिच्या शेजारी सणाला म्हणून घेतलेल्या चपला, तळवा सुटलेला. नायलॉनची रोजची पिशवी, जी पावसात सगळीकडे फिरते, ती ठणठणीत.

कोरड्या हवेच्या गावात जास्तीच्या वस्तू नुसत्या पडून राहत असतील. इथे त्या कुजतात, गंजतात, वास मारतात. दहा किलो कांद्यांतले सहा मेच्या शेवटालाच कोंब येऊन गेले होते, ते सांगायचं राहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

चार आठवड्यांचा प्रयोग आज संपला. १४ ते २७ जुलै सगळे पैसे फोनवरून. २८ जुलै ते आज सगळे रोख, पाकिटात दर सोमवारी मोजून ठेवलेले, आणि बाजारात जाताना फोन घरी.

याचं मूळ प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांच्या २००१च्या अभ्यासात. त्यांनी विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या तिकिटांवर बोली लावून घेतली, काहींना रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली सरासरी दुपटीच्या घरात गेली. तिकीट तेच.

माझे आकडे: फोनने दोन आठवड्यांत यादीबाहेर १,३५०. रोखीने ६७०. जवळजवळ निम्मे. इतकं सुबक उत्तर आलं की मलाच संशय आला, आणि संशय खरा होता. २५ जुलैला श्रावण लागला. रोखीचे दोन्ही आठवडे श्रावणात, मासळी बंद, म्हणजे मार्केटात फेरीच कमी. हा हिशेब पतसंस्थेत कोणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी परत पाठवला असता.

पण आकड्यांपेक्षा परवाचा प्रसंग बोलका. शुक्रवारी नारळी पौर्णिमा. बंदर जेटीवर ही गर्दी, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ, तिकडे नारळ लढवणं चाललेलं. स्टॉलवर शिंपल्यांची कानातली, १५०. पाकिटात ६०. फोन घरी. बाई म्हणाली, 'वयनी, स्कॅन करा.' मी म्हटलं, फोन नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चप्पल न घालता आलेय. भरड नाक्यावर पोचेपर्यंत ती कानातली कशी होती तेही आठवेना. रंग निळा असावा.

१८ ऑगस्ट, सोमवार

नवं प्रकरण. मुंबईचे भावोजी गणपतीला येताहेत, त्यांचं म्हणणं की यंदा ४३ इंची टीव्ही घेऊच, आरती झाल्यावर पोरं बघतील. निम्मे पैसे ते देणार. ह्यांचे डोळे चमकले. पण शुक्रवारी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं सांगितलं, आणि आता दुकानदारच म्हणतात, थांबा. पतसंस्थेतही टीव्ही-एसीच्या कर्जाचे तीन अर्ज लोकांनी मागे घेतले. 'लागात' आणि 'उद्या गावाचा नाय' यांनी न थांबणारा माणूस 'स्वस्त होणार' म्हटल्यावर लगेच थांबतो!

२५ ऑगस्ट, सोमवार

चतुर्थीच्या दोन दिवस आधीचा बाजार. माटयेचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं सामान: कवंडाळ, कांगले, हरणं, सुपाऱ्या. यादी सासूबाईंनी तोंडी सांगितलेली, मी लिहून घेतलेली. त्या स्वतः बरोबर आल्या, पाय दुखत असून.

माझ्याकडून यादीबाहेर दिव्यांची एक माळ, २२०. जागा: चौकटीवर, गेल्या वर्षीची जळलीय. मान्य.

मग भांड्यांच्या दुकानापुढे सासूबाई थांबल्या. पितळेची लहान घंटा उचलली, वाजवली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. घरात घंटा दोन आहेत. मोजून दोन. भाव ३८०, त्यांनी ३५०ला आणला, आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःचे पैसे काढले.

मी वीस वर्षं वाट पाहिली होती. म्हटलं, 'आई, ठेवतलास खंय?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. 'देवाकडे. आणि ता तुझ्या वहीत लिव नको.'

लिहिलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती मंगळवारीच गेले. काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला, ३२ इंचावरच्या टीव्हीवरचा कर २८चा १८ टक्के, २२ तारखेपासून. भावोजी परत मुंबईला पोचलेत, त्यांनी फोनवर विषय काढला नाही. पोरं सगळा गणपती झोपाळ्यावर आणि पत्त्यांत होती.

वही खरं तर इथे संपायची. जून ते आज यादीबाहेर २,८१०, ग्रासकटर आणि घंटा वेगळी. मेमधल्या एका महिन्यापेक्षा कमी.

२२ सप्टेंबर, सोमवार

टीव्हीच्या दुकानातून ह्यांना फोन आला, किंमत उतरलीय. हे मला म्हणाले, 'घ्यायचा?' मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून, 'ठेवतलास खंय?' दोघं जाऊन भिंत बघून आलो. समोरच्या भिंतीला यंदा ओल धरलीय, हात लावला तर चुना हाताला येतो. सुकेपर्यंत दिवाळी जाईल. हे 'बघूया' म्हणाले.

आज घट बसले. आईंनी तिसरी घंटा काढली. आधीच्या दोघींपेक्षा हिचा आवाज चांगला आहे.